गोखले पुलाचा सांधा कुणाचा? सहावीच्या नागरिकशास्त्रासाठी एक धडा



सहावीच्या नागरिकशास्त्रात शहरी स्थानिक शासन संस्थांवर एक पाठ आहे. महापौर, आयुक्त, प्रभाग समिती, महानगरपालिकेची कामे. मुलं पाठ करतात, पेपरात लिहितात आणि विसरून जातात. मी अंधेरी पूर्वेला शिकवते. हल्ली हा पाठ मी पुस्तक मिटूनच सुरू करते. फळ्यावर एक पूल काढते, खाली रूळ काढते आणि विचारते, "हा पूल कुणाचा?"

"बीएमसीचा!" असं लगेच येतं. मग कुणीतरी, बहुतेक वेळा ज्याचे बाबा रेल्वेत आहेत तो, म्हणतो, "नाही बाई, मधला तुकडा रेल्वेचा." दोघांचंही बरोबरच आहे, आणि सगळी गंमत तिथेच आहे.

अंधेरीचा गोपाळ कृष्ण गोखले पूल तुम्हाला माहीत असेलच. ३ जुलै २०१८ ला सकाळी, ऑफिसच्या वेळेला, त्याचा पादचारी भाग रुळांवर कोसळला. मोटरमनने वेळेत ब्रेक लावला म्हणून लोकल वाचली, पण दोघांचा जीव गेला. आणि पहिला वाद कशावरून झाला? देखभाल कुणी करायची होती यावरून. रेल्वेने पालिकेकडे बोट दाखवलं, पालिकेने रेल्वेकडे.

पुढे तपासणीत पूल धोकादायक ठरला आणि ७ नोव्हेंबर २०२२ ला तो वाहनांसाठी बंद केला. आता पाडायचा कुणी, यावरही बोलणी झाली. शेवटी ठरलं की रुळांवरचा भाग रेल्वे पाडेल आणि नवा पूल पालिका बांधेल. तोवर आपण सगळे अंधेरी सबवे, पार्ल्याचा कॅप्टन गोरे पूल, नाहीतर वळसा घालून जोगेश्वरी. सबवे पावसात तुंबतो हे अंधेरीकराला सांगायला नको. माझ्या वर्गातली पश्चिमेकडून येणारी मुलं त्या काळात पहिल्या तासाला अर्धीच असायची. हजेरीपटावर उशिराच्या खुणा करताना मला त्यांचीच लाज वाटायची, खरं तर लाज दुसऱ्याच कुणाला वाटायला हवी होती.

२६ फेब्रुवारी २०२४ ला नव्या पुलाची एक बाजू सुरू झाली. लोक बघायला गेले, तर शेजारचा बर्फीवाला उड्डाणपूल, जो आधी या पुलाला जोडलेला होता, तो सुमारे दीड मीटर खाली! दोन्ही पूल समोरासमोर, आणि मध्ये माणसाच्या छातीएवढी पायरी. व्हॉट्सॲपवर त्या फोटोंनी किती हसवलं ते आठवतंय ना?

मुलंही हसतात. "इंजिनिअरला पट्टी नव्हती का बाई?" मी त्यांना थांबवते, कारण खरं कारण जास्त शिकवणारं आहे. रेल्वेच्या नव्या निकषांप्रमाणे रुळांवरच्या पुलाची उंची वाढवावी लागली. रेल्वेच्या बाजूने पाहिलं तर बरोबर. पालिकेने त्या उंचीप्रमाणे पूल बांधला. तेही बरोबर. बर्फीवाला पूल आपल्या जुन्या उंचीला उभा होता, त्याचा काय दोष? म्हणजे प्रत्येक कागद आपापल्या जागी बरोबर, आणि जोडल्यावर पायरी. पालिकेचं म्हणणं असं होतं की हा फरक आधीपासून माहीत होता, लोकांची सोय म्हणून एक बाजू आधी सुरू केली. ते मान्य केलं, तरी जोडणी कशी करायची याचा सल्ला व्हीजेटीआय आणि आयआयटीकडून रस्ता सुरू झाल्यावर का घ्यावा लागला, हा प्रश्न उरतोच.

उपाय मात्र खरोखर बघण्यासारखा होता. बर्फीवाला पूल न पाडता जॅक लावून उचलला, एका बाजूला १३९७ मिलिमीटर आणि दुसऱ्या बाजूला ६५० मिलिमीटर. जुलै २०२४ मध्ये दोन्ही पूल जोडले गेले. हे मुलांना नक्की सांगा. नाहीतर "सरकारी म्हणजे असंच" एवढंच घेऊन ती घरी जातात. पूर्ण पूल सुरू व्हायला मात्र मे २०२५ उजाडला.

आता फळ्यावर दोन शिड्या काढा. एका शिडीवर रेल्वेचा विभागीय अधिकारी, वर महाव्यवस्थापक, वर रेल्वे बोर्ड, वर केंद्रीय मंत्री. दुसरीवर पालिकेचा अभियंता, वर आयुक्त. आयुक्तांना नेमतं राज्य सरकार, कायदा १८८८ चा. मुलांना विचारा, या दोघांचा सामाईक साहेब कोण? मुलं वर वर जात राहतात. शिड्या काही भेटत नाहीत. घरात दोन भावांचं भांडण आजी तरी मिटवते, इथे आजीच नाही. मग सांध्याचं काम बैठकीत ठरतं, आणि बैठकीला उशीर झाला म्हणून कुणाचीही बढती अडत नाही. अधिकाऱ्याला स्वतःच्या फाईलबद्दल विचारलं जातं. दोन फाईलींच्या मधल्या फटीबद्दल त्याला कुणीच विचारत नाही. खाजगी कंपनीत निदान तोटा तरी दिसतो. इथला तोटा सबवेत अडकलेल्या रिक्षात बसलेला असतो.

ही फट भरून काढायला नगरसेवक असतो, असं आपलं पुस्तक सांगतं. लोक त्याच्या दारात जातात, तो सभागृहात दोन्हीकडच्यांना जाब विचारतो. पण मुंबईत नगरसेवकांची मुदत ७ मार्च २०२२ ला संपली आणि कारभार प्रशासकाकडे गेला. पूल बंद झाला, पायरी दिसली, जॅक लागले, पूल पूर्ण झाला, या सगळ्या काळात २२७ पैकी एकही नगरसेवक पदावर नव्हता. निवडणूक झाली ती थेट जानेवारी २०२६ मध्ये. माझ्या मते या पाठातला सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा हाच, आणि परीक्षेत तो कधी येत नाही.

घाटकोपरचं उदाहरण मी मोठ्या वर्गांनाच सांगते. १३ मे २०२४ ला वादळात छेडानगरजवळचा होर्डिंग पेट्रोल पंपावर कोसळला, १७ माणसं गेली. पालिकेची मर्यादा ४० बाय ४० फुटांची, होर्डिंग १२० बाय १२०. जागा लोहमार्ग पोलिसांची, म्हणून परवानगी तिकडची. पालिकेने सांगितलं, आमची परवानगीच नव्हती. अंधेरीत फटीने वेळ खाल्ला, घाटकोपरला माणसं खाल्ली.

वर्गात करायचा खेळ सोपा आहे. वर्गाचे दोन गट करा, एकाला व्हरांड्यात बसवा. दोघांना अर्धा अर्धा पूल कार्डशीटवर काढायला द्या, पट्टी द्या, पण एकमेकांशी बोलू देऊ नका. वीस मिनिटांनी कागद जोडा. पायरी पडतेच. आमच्याकडे गेल्या खेपेला चार बोटांची पडली. मग दुसऱ्या फेरीत दोन्ही गटांतून एकेक मूल निवडा, त्यांनी चित्र काढायचं नाही, फक्त मधल्या दोरीपाशी उभं राहून मापं सांगायची. पालकांनी घरी करायचं असेल तर मुलांना घेऊन आपल्याच स्टेशनबाहेर उभं राहा, मुलुंड असो की बोरिवली. रेल्वेची फरशी कुठे संपते आणि पालिकेचा फुटपाथ कुठे सुरू होतो ते शोधायला सांगा. पाणी साधारण तिथेच साचलेलं असतं.