सह्याद्री, रामलीला मैदान आणि भिवंडी

भिवंडीतल्या नारपोलीत एकाच शेडमधल्या यंत्रमागांवर उत्तर प्रदेशचा अन्सारी आणि तेलंगणचा पद्मशाली शेजारी शेजारी उभे असतात. म्हणून युद्धकाळातले कुठलेही जुने भाषण वाचताना मी आधी एवढेच पाहतो, की वक्त्याने देशातल्या कुणाला बाहेर ठेवले.

1962 च्या चीन युद्धाने महाराष्ट्राला एक भारून टाकणारे वाक्य दिले : हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला. यशवंतराव चव्हाणांनी 21 नोव्हेंबरला संरक्षण खाते हाती घेतले आणि त्याच दिवशी चीनने एकतर्फी युद्धबंदी पुकारली. सह्याद्री पोचेपर्यंत लढाई संपली होती, हे त्या वाक्यात मावत नव्हते. चव्हाणांची खरी कामगिरी त्यानंतरची : सैन्याची नव्याने उभारणी, आणि सप्टेंबर 1963 मध्ये पराभवाच्या कारणांवर लोकसभेत केलेले निवेदन. त्या पराभवाच्या चौकशीचा मूळ अहवाल मात्र गुप्तच ठेवला गेला. त्याच काळात चिनी वंशाचे सुमारे 3000 लोक राजस्थानातल्या देवळीच्या छावणीत डांबलेले होते. कित्येकांचा जन्म इथलाच. अभिमानाच्या त्या भाषणांत त्यांना जागा नव्हती.

1965 च्या पाकिस्तान युद्धातले लालबहादूर शास्त्री मला वेगळे वाटतात. ‘जय जवान, जय किसान’ सर्वांना पाठ आहे, पण माझ्या लेखी त्यांचे सर्वांत मोठे भाषण युद्धबंदीनंतरचे, 26 सप्टेंबरचे, दिल्लीच्या रामलीला मैदानावरचे. आपण हिंदू असल्याने युद्धाला तयार झालो, या परदेशी वार्तांकनाला त्यांनी व्यासपीठाकडेच बोट दाखवून उत्तर दिले : मी हिंदू आहे, सभेचे अध्यक्ष मीर मुश्ताक मुसलमान आहेत, आताच बोललेले फ्रँक अँथनी ख्रिश्चन आहेत. लोकांना चेतवायला त्यांना घरातला शत्रू शोधावा लागला नाही. खेमकरणच्या आघाडीवर पडलेला अब्दुल हमीद गाझीपूरचा, शिंप्याचा मुलगा. भिवंडीच्या कितीतरी मागवाल्यांचा मुलूख तोच.

पाच वर्षेही गेली नाहीत. 7 मे 1970 रोजी शिवजयंतीच्या मिरवणुकीत दंगल उसळली आणि भिवंडी पेटली. त्याआधी साचत गेलेला तणाव, चिथावणी आणि घोषणा या दंगलीची चौकशी करणाऱ्या मादन आयोगाने तपासल्या. सरहद्दीपलीकडच्या शत्रूसाठी घडवलेली भाषा गल्लीतल्या शेजाऱ्यावर वळवली गेली होती.

पुढच्या वर्षी, बांगलादेश युद्धाच्या तोंडावर, निर्वासितांच्या मदतीसाठी टपालावर 5 पैशांचे जादा तिकीट सक्तीचे झाले. भिवंडीहून गावी जाणाऱ्या पाकिटांवरही ते लागले. भिवंडीच्या दंगलीत बेघर झालेल्यांसाठी असे तिकीट निघाले नव्हते.