हिवाळ्यांतील भाजीपाला व कोंबड्या

भिवंडीचें नांव घेतांच यंत्रमागांचा खडखडाट आणि रस्त्यालगतचीं प्रचंड गोदामें डोळ्यांपुढें उभीं राहतात. तथापि तालुक्यांतील खेडोपाडीं अद्यापि भातशेती होते. दिवाळीच्या आगेंमागें कापणी आटोपते आणि मग पुष्कळशी जमीन पुढील पावसाळ्यापर्यंत पडून राहते. कांहीं शेतकरी मात्र खाचरांतील उरल्या ओलीवर वाल पेरतात व पाण्याची सोय असेल तेथें भाजीपाला करतात. हीच युक्ति घरामागील गुंठाभर जागेस लावून जोडीस चार-सहा कोंबड्या पाळल्या, तर कुटुंबाच्या आहारांत मोठी भर पडेल.

ही कल्पना नवीन नव्हे. इंग्लंडांत शहरवासीयांस अशा कामासाठीं जमिनीचे लहान तुकडे भाड्यानें देण्याची चाल आहे. अशा तुकड्याचें रूढ माप सुमारें २५० चौरस मीटर, म्हणजे आपले अडीच गुंठे. दुसऱ्या महायुद्धांत (१९३९–४५) तेथील लोकांनीं भाज्या पिकवून व कोंबड्या पाळून अन्नटंचाईस तोंड दिलें. आपल्या देशांतहि त्याच काळीं ‘अधिक धान्य पिकवा’ ही मोहीम निघाली.

इंग्लंडांत हिवाळा हा बागेच्या विश्रांतीचा काळ होय; आपल्याकडे तोच भाजीचा खरा हंगाम आहे. पाऊस थांबल्यामुळें मुळें कुजत नाहींत व ऊनहि रोपांस पोळीत नाहीं. मेथी सुमारें महिन्याभरांत काढणीस येते. म्हणून सर्व बीं एकदम न पेरतां दर पंधरवड्यास एकेक वाफा पेरावा, म्हणजे भाजी सतत मिळते. मुळा व कोथिंबीर यांस दीड महिना पुरतो. वांगी व टोमॅटो यांचीं रोपें आधीं गादीवाफ्यावर तयार करून चार-पांच आठवड्यांनीं लावावीं. पाणी सकाळीं द्यावें.

आतां कोंबड्यांकडे वळूं. खुराडें कोरड्या व हवेशीर जागीं असावें आणि मुंगूस व रानमांजर यांच्या भयास्तव रात्रीं पक्कें बंद करावें. दाण्याबरोबर भाजीचा निवडलेला पाला द्यावा. अंड्याचें कवच भक्कम व्हावें म्हणून शिंपल्यांचा चुरा ठेवावा. डिसेंबरांत आपल्याकडे दिवस सुमारें ११ तासांचा असतो. भरपूर अंडीं देण्यास कोंबडीस सुमारें १४ तास तरी उजेड लागतो. म्हणून या दिवसांत अंडीं कमी मिळालीं, तर कोंबडी आजारी आहे असें लगेच समजूं नये.

बाग व कोंबडी हीं एकमेकांस उपयोगी पडतात खरीं, परंतु योग्य वेळीं त्यांस दूर ठेवतां आलें तरच. कोवळ्या रोपांत कोंबडी शिरली कीं घटकाभरांत वाफा उकरून टाकते. म्हणून कुंपण हवेंच. पीक निघाल्यावर मात्र त्याच वाफ्यांत तिला मोकळी सोडावी. ती किडे व अळ्या वेंचून खाते. तिची विष्ठाहि अशीच आहे. तींत नत्र फार असल्यामुळें ताजी घातल्यास मुळें जळतात, आणि तींतील रोगजंतु कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या भाजीवाटे पोटांत जातात. पेंढा व पालापाचोळा यांच्या थरांत मिसळून ती तीन-चार महिने चांगली कुजवावी. मग तिचें उत्तम खत होतें.

सर्वांत मोठी काळजी रोगाची. मानमोडी अथवा राणीखेत हा रोग पाहतां पाहतां सारा कळप नाहींसा करतो. त्याची लस पिल्लांस पहिल्या आठवड्यांतच देतात. पुढील मात्रा पशुवैद्यकीय दवाखान्यांत विचारून घ्याव्या. फेब्रुवारी २०२२ मध्यें शेजारच्या शहापूर तालुक्यांत बर्ड फ्लू आढळला, तेव्हां हजारों कोंबड्या नष्ट कराव्या लागल्या. म्हणून पक्षी एकाएकीं मरूं लागल्यास तें लपवूं नये, मेलेले पक्षी ओढ्यांत टाकूं नयेत व तत्काळ दवाखान्यास कळवावें. एका घरच्या हयगयीनें साऱ्या गांवाची रोजी बुडते.

विद्यार्थी मित्रहो, आपल्या गांवची मोकळी जमीन वर्षानुवर्षें कमी होत आहे. जी हातीं उरली आहे ती तरी ओसाड राहूं नये. पुढील दिवाळीच्या सुटींत एक वाफा खणा, मेथीचें मूठभर बीं पेरा. महिन्याभरांत घरच्या पानांत तुमच्या श्रमाची भाजी वाढली जाईल.