कागदावाचून छपाईची परीक्षा

छपाईपूर्वी मजकूर तपासण्याची रीत छापखान्याच्या धंद्यात फार जुनी आहे. खिळे जुळवून झाले की गॅली प्रूफ निघे, मुद्रितशोधक ते डोळ्यांखालून घाली आणि त्याच्या खुणांप्रमाणे दुरुस्ती झाल्यावरच यंत्र सुरू होई. आज कागदावर उमटणारे अक्षर संगणकाच्या आज्ञावलीतून येते. या आज्ञावलीत वरचेवर फेरबदल होतात आणि प्रत्येक फेरबदलानंतर पान पूर्वीसारखेच उमटते की नाही, हे पाहणे भाग पडते. हे काम आता बव्हंशी आज्ञावलीच करते. इतकेच नव्हे, तर त्यासाठी प्रिंटरही लागत नाही. सोय मोठी आहे यात शंका नाही. परंतु मुद्रितशोधकाच्या जागी बसलेल्या या नव्या परीक्षकाला काय पाहायचे आणि कशाकडे काणाडोळा करायचा, हे कोणी शिकवले, असा प्रश्न तिच्यापाठोपाठ आला आहे.

पद्धत समजण्यास अवघड नाही. कोणतेही पान प्रिंटर अखेर ठिपक्यांतच छापतो. एका इंचात ६०० ठिपके या प्रमाणाने ए-४ आकाराच्या पानावर सुमारे ३ कोटी ४८ लाख ठिपक्यांच्या जागा असतात. त्यांपैकी कोणती काळी व कोणती कोरी, हे कागद हलण्यापूर्वीच ठरलेले असते. तेव्हा ठिपक्यांचा हा पट प्रिंटरकडे न धाडता फाइलमध्ये साठवायचा आणि आधी मान्य केलेल्या आदर्श पानाशी ताडून पाहायचा. १९८८ पासून प्रचारात असलेली ‘घोस्टस्क्रिप्ट’ ही आज्ञावली पोस्टस्क्रिप्टच्या व पुढे पीडीएफच्या पानांचा असाच पट तयार करीत आली आहे. नमुन्यादाखल हजारो पाने या रीतीने तपासता येतात आणि कागद, शाई व मनुष्यबळ यांचा खर्च वाचतो.

अडचण आहे ती ‘सारखे’ या शब्दाची. ठिपक्याला ठिपका जुळलाच पाहिजे असा दंडक घातला, तर अक्षराची कड केसभर सरकली तरी पान नापास ठरते. अशा निरर्थक तक्रारी शेकड्यांनी साचल्या की तपासनीस कंटाळतो आणि नीट न पाहताच नव्या पानाला आदर्श म्हणून मान्यता देऊन मोकळा होतो. त्या गर्दीत एखादा खरा दोषही आदर्श होऊन बसतो. म्हातारी मेल्याचे दुःख नसते, पण काळ सोकावतो, तो असा. याउलट पान सरासरीने ९९ टक्के जुळले की उत्तीर्ण, असा सैल नियम केला तर दुसरेच संकट उभे राहते. नेहमीच्या टाइपातील इंग्रजी सहा आणि आठ या अंकांत फरक असतो तो साधारण शंभर-दोनशे ठिपक्यांचा, म्हणजे पानाच्या एक लाखांशाहूनही कमी. सरासरीच्या हिशेबात तो कोठेच दिसत नाही. ज्याच्या पावतीवर तो अंक छापला आहे, त्याला मात्र तोच तेवढा दिसतो.

ही भीती काल्पनिक नव्हे. जुलै २०१३ मध्ये डेव्हिड क्रीझेल या जर्मन संगणकशास्त्रज्ञाच्या पाहण्यात एका बांधकामाच्या आराखड्याची प्रत आली. मूळ आराखड्यात तीन खोल्यांची क्षेत्रफळे निरनिराळी होती. झेरॉक्स कंपनीच्या यंत्रातून निघालेल्या प्रतीत मात्र तिन्ही खोल्या १४.१३ चौरस मीटरच्या झाल्या होत्या. जागा वाचावी म्हणून यंत्रातील आज्ञावली सारख्या दिसणाऱ्या आकृत्या एकदाच साठवून पुन्हा पुन्हा वापरीत होती आणि ‘सारखे’ ठरवण्यातच ती चुकली. सहाच्या जागी आठ आल्याचीही उदाहरणे पुढे आली. कंपनीने दोष मान्य करून सुधारित आज्ञावली पुरवली. हे प्रकरण मूळ कागदाची प्रत काढण्याचे होते. तथापि त्याचा धडा छपाईच्या परीक्षेलाही लागू आहे. प्रत डागाळलेली असती तर कोणीही सावध झाले असते. ती स्वच्छ होती, म्हणूनच फसवी ठरली.

मराठीपुरते बोलायचे तर असा धोका आपल्या लिपीत जागोजागी आहे. ‘आचार्यांना दक्षिणा द्यावी’ आणि ‘आचाऱ्यांना दक्षिणा द्यावी’ या दोन वाक्यांत भेद आहे तो एका रफाराचा. पण एकात दक्षिणा गुरूंना मिळते आणि दुसऱ्यात स्वयंपाक्यांना. रफार भलत्या अक्षरावर सरकणे, जोडाक्षर फुटून हलन्त उघडा पडणे, हे दोष मराठी वाचकाच्या डोळ्यांना खुपतात. परंतु आदर्श पानांच्या संचात मराठीचे एकही पान नसेल, तर परीक्षक आज्ञावलीला ते कळणार कसे? जे पान कधी तपासलेच नाही, ते बिघडल्याची वर्दी कोणी देत नाही.

उपाय नाहीत असे नाही. पानाचे विभाग पाडून छायाचित्राला सैल आणि अक्षरांना व अंकांना कडक माप लावता येते. ठिपक्यांच्या पटावरून मजकूर पुन्हा वाचवून तो मुळाशी ताडता येतो. अर्थात कागदावर शाई फुटणे, रुळाचा डाग उमटणे, पावसाळ्यात कागद सर्द होणे, या गोष्टी कोणत्याही फाइलीत सापडायच्या नाहीत. त्यासाठी अधूनमधून छापील पान हाती घेऊन उजेडात धरावेच लागेल.

सातबाऱ्यावरील क्षेत्र, गुणपत्रिकेतील गुण, औषधाच्या वेष्टनावरील मात्रा ही सर्व आता संगणकातूनच कागदावर येतात. तेव्हा अशी आज्ञावली विकत घेणाऱ्या कचेऱ्यांनी आणि विद्यापीठांनी एक प्रश्न अवश्य विचारावा: तुमच्या आदर्श पानांत आमची पाने आहेत काय, आणि ती आदर्श असल्याचे कोणी वाचून ठरवले? पाने ताडून पाहण्याचे कष्ट यंत्रावर खुशाल सोपवावेत. कोणता ठिपका निसटला तर माणसाचे नुकसान होते, हे मात्र माणसानेच सांगितले पाहिजे.