तितर सोबतीला येत नाही, भांडायला येतो

दुसरबीड हे सिंदखेडराजा आणि मेहकर यांच्या दरम्यान, जुन्या नागपूर-मुंबई रस्त्यावरचं गाव. रस्ता सोडून शिवारात शिरलं, की वावरांच्या धुऱ्यांवर, बोरी-बाभळींच्या आडोशाला राखी तितर दिसतात. पहाटे एक नर ‘क-टी-तर, क-टी-तर’ ओरडू लागला, की पलीकडच्या धुऱ्यावरून दुसरा जबाब देतो. तितर धरण्याची जुनी युक्ती या जबाबावरच उभी आहे. पाळलेला नर पिंजऱ्यात घालून माळावर ठेवायचा, भोवती फास मांडायचे आणि झुडपामागं दबून बसायचं.

या युक्तीबद्दलचा सगळ्यांत पक्का गैरसमज असा, की पिंजऱ्यातला पक्षी सोबत्यांना साद घालतो आणि ते बिचारे सोबतीच्या ओढीनं येतात. खरं तर रानातला नर येतो तो भांडायला. विणीच्या काळात त्यानं स्वतःची हद्द आखलेली असते. त्या हद्दीत परक्या नराचा आवाज आला, की त्याला हुसकावल्याशिवाय याला चैन पडत नाही. नराच्या पायाला आरी असते, ती याच झुंजीसाठी. धावत, ओरडत, इकडं-तिकडं न बघता तो पिंजऱ्याकडं येतो आणि पाय फासात अडकतो. म्हणजे फासात सापडतो तो हद्द राखणारा, जोडीदारीण असलेला किंवा जोडी जमवू पाहणारा नर. या पक्ष्यांची वीण मुख्यतः एप्रिल ते सप्टेंबर चालते. जमिनीवरच्या घरट्यात मादी अंडी उबवत असते, नेमक्या त्याच दिवसांत ही युक्ती सर्वांत चांगली चालते.

असाच गैरसमज टर्कीच्या शिकारीबद्दलही आहे. उत्तर अमेरिकेतली रानटर्की ही तितर, मोर आणि कोंबडी यांच्याच कुळातली. तिकडं परवान्यानं शिकार चालते आणि शिकारी फोमच्या किंवा प्लॅस्टिकच्या बनावट टर्की मांडतात. बाहुली जितकी हुबेहूब आणि संख्येनं जितकी जास्त तितकं यश, असं नवख्याला वाटतं. पण टर्कीत नर ओरडतो आणि मादी त्याच्याकडं चालत जाते. त्यामुळं बनावट मादी बघून नर बरेचदा लांबच थांबतो, ती येण्याची वाट बघतो. म्हणून जाणकार मादीशेजारी एका कोवळ्या नराची बाहुली ठेवतात. मादीजवळ पोरसवदा नर उभा असलेला थोराड नराला खपत नाही. तो सहसा प्रतिस्पर्ध्याच्या तोंडासमोर येतो, म्हणून बाहुलीचं तोंड शिकाऱ्याकडं ठेवलेलं असतं. उलट पिसारा फुलवलेला मोठा बनावट नर बघून दुबळे नर पळूनही जातात. तितर असो वा टर्की, मेख पक्ष्याच्या स्वभावात आहे.

‘अभयारण्याबाहेर, आपल्याच वावरात तितर धरायला काय हरकत?’ हा प्रश्न भाबडेपणानं विचारला जातो. हरकत आहे. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ वावरातही लागू असतो. त्यातल्या शिकारीच्या व्याख्येत ठार मारण्याबरोबर फास लावणं, सापळा मांडणं, आमिष दाखवणं आणि या साऱ्यांचा प्रयत्नही येतो. फासाजवळ पिंजऱ्याऐवजी मोबाइलवर तितराचा आवाज वाजवला तरी सुटका नाही. रानातून धरलेला तितर पाळणं हाही गुन्हाच. १९७२ च्या कायद्यात शिकारीच्या परवान्यांची सोय होती, ती १९९१ च्या दुरुस्तीनं गेली. शिकारीची मोठी हौस असलेल्या अमेरिकेतही बदकांच्या शिकारीसाठी जिवंत पक्षी भुलवणीला ठेवण्यावर १९३५ मध्येच बंदी आली. शिवारात फास दिसले तर वनविभागाचा १९२६ हा क्रमांक आहे.

भुलवणी म्हणजे हत्याच, हाही समज अपुरा आहे. अमेरिकेत मेन राज्याच्या किनाऱ्यावरील एका बेटावरून पफिन हे समुद्रपक्षी नाहीसे झाले होते. स्टीफन क्रेस यांनी तिथं पिलं आणून वाढवली आणि १९७७ पासून लाकडी पफिन मांडले. वस्तीत राहणारा हा पक्षी आपल्यासारखे दुसरे दिसल्यावर उतरायला धजावतो. १९८१ मध्ये त्या बेटावर पफिननं पुन्हा घरटी केली.

राहिला फास लावून पक्षी धरणाऱ्या फासेपारधी जमातीचा प्रश्न. तितर कमी झाले की बोट त्यांच्याकडं वळतं. १८७१ च्या इंग्रजी कायद्यानं ज्या जमातींना जन्मजात गुन्हेगार ठरवण्याची सुरुवात झाली, त्यांच्यात पारधीही ओढले गेले. १९५२ मध्ये तो शिक्का कायद्यानं पुसला, लोकांच्या मनातून मात्र गेलेला नाही. गवताळ माळ नांगरले गेले, कीटकनाशकं वाढली, त्याचा जाब मात्र कोणी विचारत नाही. वऱ्हाडातल्या फासेपारध्यांना पक्ष्यांची चाल, आवाज, घरट्याची जागा पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. कौस्तुभ पांढरीपांडे यांच्या ‘संवेदना’ संस्थेनं वाशीम-अकोला भागात त्यांनाच सोबत घेऊन तणमोर हा पक्षी आणि माळरानं वाचवण्याचं काम उभं केलं. पावसाळ्यात गवतातून उंच उड्या मारणारा तणमोराचा नर कोणत्या माळावर उतरतो, हे शोधायला फासेपारध्यांइतके तरबेज डोळे मिळणं अवघड.