नुसतं 'छान झालं' पुरेसं नाही

गणेशोत्सवातला कार्यक्रम संपला की आपण सगळे एकमेकांना म्हणतो, "छान झालं हं!" मग चपला शोधताना, स्कूटर काढताना खरं बोलणं सुरू होतं. माइकचा आवाज मागे पोहोचतच नव्हता, भाषणं फार लांबली, मसालेभात मात्र फक्कड होता. यातलं कौतुक भात करणाऱ्या काकूंपर्यंत जात नाही आणि तक्रार माइक सांभाळणाऱ्या मुलापर्यंत जात नाही. पुढच्या वर्षी माइक तसाच असतो आणि काकू म्हणतात, "यंदा दुसऱ्या कोणाला तरी सांगा." आपल्याकडेही हे झालं आहे, म्हणून हा विषय.

घरातही तेच. आमटीत मीठ कमी पडलं तर पहिल्या घासाला सांगतो. जमली तर मुकाट्याने दुसऱ्यांदा वाढून घेतो. घरच्या माणसांचे आभार मानणं आपल्याला परकं वाटतं, हे खरं. पण त्यांना आभार नको असतात, दखल हवी असते. "आज भरताला काय खमंग वास लागलाय!" एवढंही पुरतं.

याचं एक सुंदर उदाहरण आपल्या बडोद्यातच आहे. १८८३ साली जोतीराव फुले यांनी 'शेतकऱ्याचा असूड' लिहून पूर्ण केलं. धर्माच्या नावाखाली आणि सरकारी कामगारांकडून शेतकरी कसा नाडला जातो, हे त्यात अतिशय कडक शब्दांत सांगितलं आहे. हे पुस्तक फुल्यांनी बडोद्यात सयाजीराव महाराजांना वाचून दाखवलं. महाराज तेव्हा जेमतेम विशीचे. राज्यकारभाराचे पूर्ण अधिकार त्यांना १८८१ च्या डिसेंबरात मिळाले होते. त्यांनी कामातून सवड काढून सगळं पुस्तक ऐकलं, पैशाची मदत केली आणि लेखकाचा सत्कार केला. फुल्यांनीही प्रस्तावनेत ही गोष्ट आवर्जून नोंदवली. लेखणी इतकी धारदार, पण महाराजांनी नेमकं काय केलं, ते सांगायला ते विसरले नाहीत. स्पष्ट बोलणारा माणूस मनापासून दादही देऊ शकतो, आणि त्याची दाद खरी वाटते.

मकरपुरा जीआयडीसीत काम केलेल्यांना दुसरी बाजू सांगायला नको. मशीनवर नवीन सेटिंग केलं की पहिला नग मोजून बघतात, मगच पुढचे काढतात. चूक तिथेच सांगितली तर एक नग वाया जातो. संकोचाने गप्प राहिलं तर सगळा माल. चूक दाखवणाऱ्यावर तिथे कोणी रुसत नाही, कारण बोलणं मापाबद्दल असतं, माणसाबद्दल नाही.

आपणही एवढंच सांभाळावं. कौतुक करायचं ते चारचौघांत आणि नेमकं: "तुझं निवेदन आवडलं, प्रत्येक कलाकाराचं नाव नीट घेतलंस." उणीव सांगायची ती त्याच माणसाला, बाजूला घेऊन, आणि जमल्यास मदतीसह: "मागे ऐकू येत नव्हतं. पुढच्या वेळी मी शेवटच्या रांगेत उभा राहून खूण करीन." आणि आपल्याला कोणी असं सांगितलं, तर मधेच कारणं न देता पूर्ण ऐकून घ्यायचं. हे तिसरं सर्वांत अवघड.

पुढच्या महाप्रसादानंतर घरी निघण्याआधी स्वयंपाकघराच्या दारापर्यंत जरूर जाऊन या. भात आवडला असेल तर तिथे सांगा. तिखट झाला असेल, तर तेही तिथेच सांगा.