बंदूक हातात असली तरी

परवा रात्री जेवणं आटोपून चिंचपोकळीच्या आमच्या चाळीत गॅलरीत बसलो होतो. भाचा सुट्टीवर आलाय. नौदलात आहे तो. समुद्री चाच्यांची बातमी आली की आमच्या ताईच्या घशाखाली घास उतरत नाही. तिनं विचारलंच, "काय रे, समोरून गोळी आली तरी हुकमाची वाट बघत बसायचं?"

"नाही गं आई. आपलं जहाज वाचवायचा हक्क कॅप्टनला असतोच. पण नुसत्या संशयावरून तोफ डागता येत नाही. आधी रेडिओवरून विचारायचं, थांबायला सांगायचं, इशारा द्यायचा. आणि बळ वापरायचं तेही गरजेपुरतंच."

मी म्हटलं, "चाच्यांचे कसले रे एवढे लाड?"

"लाड चाच्यांचे नाहीत, मावशी. आत कोण आहे ते बाहेरून दिसत नाही ना!"

मग त्यानं नोव्हेंबर २००८ ची गोष्ट सांगितली. एडनच्या आखातात आपल्या 'आयएनएस तबर'नं एका जहाजाला तपासणीसाठी थांबायला सांगितलं. डेकवर बंदूकधारी होते. त्यांनी धमकी दिली, गोळीबार केला. 'तबर'नं उत्तर दिलं आणि जहाज बुडालं. पुढे कळलं, ती चाच्यांनी पळवलेली थायलंडची मासेमारी बोट होती. ओलीस ठेवलेले खलाशी त्यात होते. नौदलानं स्वसंरक्षणच केलं होतं. पण त्या खलाशांच्या घरच्यांचं काय?

ताई गप्प झाली.

मार्च २०२४ मध्ये 'रुएन' या पळवलेल्या मालवाहू जहाजावरून चाच्यांनी 'आयएनएस कोलकाता'वर गोळ्या झाडल्या. आपल्या लोकांनी जहाज निकामी करून थांबवलं, शरण यायला सांगितलं, विमानातून मरीन कमांडो उतरवले. चाळीस तास हे चाललं. शेवटी ३५ चाचे शरण आले आणि १७ खलाशी सुखरूप सुटले. चाच्यांना मुंबईत आणून पोलिसांच्या ताब्यात दिलं. त्यांच्यावर खटला चालवायला २०२२ चा चाचेगिरीविरोधी कायदा होताच.

मैत्रिणींनो, खरं सांगते, शौर्य म्हणजे धडाधड गोळ्या, असंच मला वाटायचं. पण हातात बंदूक असताना चाळीस तास दम धरायला केवढी छाती लागत असेल!

उठताना ताई एवढंच म्हणाली, "त्या सतरा जणांच्या आयासुद्धा जेवल्या नसतील रे तेव्हा."