सहा विरुद्ध पाच

राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार जाहीर झाले की धारवाडच्या आमच्या घरात दोन पक्ष पडतात. मी बेळगावची, माहेर पक्कं मराठी. आमचे 'हे' धारवाडचे, घरी कन्नड. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली. आमटीत गूळ किती घालायचा यावर केव्हाच तह झाला, पण कुणाचा सिनेमा मोठा, यावर अजून होत नाही. १ ऑगस्ट २०२५ च्या संध्याकाळीही तेच झालं. टीव्हीवर नावं सुरू झाली आणि ह्यांनी सवयीप्रमाणे जुना हिशेब बाहेर काढला, "सहा विरुद्ध पाच!"

हा हिशेब सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या सुवर्णकमळाचा. कन्नडकडे सहा आहेत. 'संस्कार', 'चोमन दुडी', 'घटश्राद्ध', 'तबरन कथे', 'ताई साहेब' आणि 'द्वीप'. त्यांतले शेवटचे चार एकट्या गिरीश कासरवळ्ळींचे. मराठीकडे पाच. १९५४ साली पहिल्यांदा दिलेलं राष्ट्रपती सुवर्णपदक आचार्य अत्र्यांच्या 'श्यामची आई'ला मिळालं, म्हणजे सुरुवात आम्हीच केली. मग मात्र पन्नास वर्षं काही नाही, थेट २००३ चा 'श्वास'. त्यानंतर 'देऊळ', 'कोर्ट' आणि 'कासव'. 'देऊळ'ला ते 'ब्यारी' या चित्रपटाबरोबर विभागून मिळालं. ब्यारी ही आपल्या कर्नाटकाच्या किनाऱ्यावरची भाषा, म्हणून त्यातला अर्धा वाटाही ह्यांना हवा असतो. मी देत नाही.

आता अलीकडच्या निकालांबद्दल माझी मतं. पटली नाहीत तर भांडा.

२०२२ च्या चित्रपटांचे पुरस्कार ऑगस्ट २०२४ मध्ये जाहीर झाले. त्यात 'कांतारा'साठी रिषभ शेट्टीला सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा पुरस्कार मिळाला, तो योग्यच. शेवटच्या वीस मिनिटांत तो माणूस नट राहतच नाही. पण नायिकेच्या कमरेला चिमटे काढणारा पूर्वार्धातला नायक मला तेव्हाही खटकला होता, आजही खटकतो. त्याच वर्षी सर्वोत्कृष्ट कन्नड चित्रपट ठरला 'केजीएफ : चॅप्टर २'. यावर मी काही बोलायच्या आधी हेच चष्मा पुसत उठून गेले. मशीनगन चालली की शिट्ट्या मीही वाजवल्या होत्या, पण कासरवळ्ळींच्या रांगेत ही मशीनगन कशी बसवायची? मराठीत त्या वर्षी परेश मोकाशींचा 'वाळवी' होता. दोन तासांत एक खुसखुशीत, काळाकुट्ट विनोद सांगून मोकळा होणारा. हा निकाल मला शंभर टक्के मान्य.

२०२३ च्या चित्रपटांचे निकाल म्हणजे ते १ ऑगस्टचे. 'बारावी फेल' सर्वोत्कृष्ट, त्याबद्दल घरात दुमत नव्हतं. अभिनयाचा पुरस्कार विक्रांत मॅसीला आणि 'जवान'साठी शाहरुख खानला विभागून. बेंगळूरहून मुलाचा फोन आला, "अम्मा, शेवटी मिळाला!" मी शाहरुखची जुनी भक्त. पण मिळायचा होता तो 'स्वदेस'साठी. त्या वर्षी तो 'हम तुम'साठी सैफला गेला होता, ते मी विसरलेले नाही. घरातल्या माणसाला वाढदिवसाची भेट वीस वर्षांनी आणि तीही चुकीच्या मापाची यावी, तसं वाटलं.

उशिराबद्दल बोलायचं तर आपल्या राज्याचे पुरस्कार आणखी पुढे. २०१९ च्या चित्रपटांचे कर्नाटक राज्य पुरस्कार जाहीर झाले जानेवारी २०२५ मध्ये! 'पैलवान'साठी सुदीपला सर्वोत्कृष्ट अभिनेता ठरवलं, आणि आपण पुरस्कार घेणं केव्हाच थांबवलंय असं सांगून त्यानं तो नम्रपणे नाकारला. सासूबाई म्हणाल्या, एवढ्या वर्षांत लग्नाचा आहेरसुद्धा जुना होतो.

त्या १ ऑगस्टला मराठीची बाजू भक्कम होती. 'नाळ २' सर्वोत्कृष्ट बालचित्रपट, आणि त्यातल्या मुलांनाही पुरस्कार. 'आत्मपॅम्फ्लेट'साठी आशिष बेंडे पदार्पणातले सर्वोत्कृष्ट दिग्दर्शक. आणि सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपट कोणता? पुन्हा 'श्यामची आई', या वेळी सुजय डहाकेंचा. सत्तर वर्षांनी तेच नाव! कन्नडमध्ये 'कंदीलु'. हे म्हणाले, "कंदीलु? कुठं लागला होता?" आणि तिथंच आमचं भांडण थांबलं, कारण नवा 'श्यामची आई' तरी हुबळी-धारवाडात कुणी पाहिला होता? मी तो बेळगावला माहेरी गेले असताना पाहिला.

आपल्याकडची खरी अडचण ही आहे. पुरस्कार भाषेप्रमाणे वाटले जातात आणि थिएटर गल्ल्याप्रमाणे. मराठी चित्रपट बेळगावपर्यंत येतो आणि बहुतेक वेळा तिथूनच माघारी फिरतो. बक्षीस मिळवणारा छोटा कन्नड चित्रपट बेंगळूरहून इकडे यायला निघतो की नाही, देव जाणे. आला तरी खेळ सकाळी साडेनऊचा. एकदा एका मल्टिप्लेक्समध्ये आम्ही चौघं वेळेवर पोचलो, तर पुरेशी तिकिटं गेली नाहीत म्हणून खेळ रद्द. आमची चार त्यांना पुरली नाहीत.

त्यात आमच्यासारख्या घरांचं वेगळंच. सासूबाईंचं शिक्षण कन्नड चौथी. मराठी त्यांना कानावरून थोडं कळतं. चित्रपटाखाली अक्षरं असतात ती इंग्रजी. म्हणजे मराठी चित्रपट पाहायचा तर मी शेजारी बसून कानात कुजबुजायचं. सप्टेंबर २०२५ मध्ये 'दशावतार' लागला तेव्हा आम्ही मुद्दाम गाडी करून बेळगावला गेलो. दिलीप प्रभावळकर तेव्हा ८१ वर्षांचे, सासूबाईही त्याच वयाच्या. म्हाताऱ्या, दृष्टी जात चाललेल्या दशावतारी नटाची गोष्ट. मी पहिली वीस मिनिटं इमानेइतबारे कुजबुजले. पुढच्या रांगेतल्या एकानं मागं वळून पाहिलं, "मावशी, जरा हळू." आणि सासूबाईंनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला, "नी सुम्न कुंद्र, ननग तिळीतद."

कळत होतंच त्यांना. लहानपणी गावात रात्र रात्र जागून 'श्रीकृष्ण पारिजात'चे खेळ पाहिलेली बाई ती. तोंडाला रंग लावलेला माणूस, पहाटेपर्यंत चालणारा खेळ, समोर बसलेलं गाव, यात परकं काय होतं? परतीच्या वाटेवर कित्तूर येईपर्यंत त्या फक्त पारिजातातल्या सत्यभामेबद्दल बोलत होत्या.

महिनाभरात 'कांतारा : चॅप्टर १' आला. हुबळीत ठिकठिकाणी फलक, गर्दी, आतषबाजी. भव्यता डोळ्यांत मावत नाही हे खरं, पण मला पहिला 'कांतारा' जास्त भिडला होता, आणि दोन्हींपेक्षा प्रभावळकरांचा बाबुली मेस्त्री. 'दशावतार'चा उत्तरार्ध सूडकथेच्या नेहमीच्या गाडीत बसतो, तिथं माझं मन थोडं उतरलं. तरी सांगते, तळकोकणातला दशावतार आणि तुळुनाडूतला भूतकोला एकाच समुद्राकाठचे. दोन्हींत माणूस देव अंगावर घेतो आणि दोन्हींत जंगल-जमीन बळकावणाऱ्यांशी गाठ असते. लागोपाठ आलेले हे दोन चित्रपट एकमेकांच्या मुलखात त्यांच्या त्यांच्या भाषेत पाहायला मिळायला हवे होते. पण 'कांतारा : चॅप्टर १' हिंदी, तमिळ, तेलुगू, मल्याळमबरोबर बंगालीत आणि इंग्रजीतही आला, फक्त शेजारच्या मराठीत नाही.

डबिंगला कन्नड चित्रसृष्टीचा अनेक दशकं विरोध होता. २०१५ मध्ये स्पर्धा आयोगानं त्या अघोषित बंदीविरुद्ध निकाल दिला. तोवर रिमेक हाच रस्ता. 'सैराट'चा 'मनसु मल्लिगे' झाला तो त्यानंतरही, २०१७ मध्ये, तीच रिंकू राजगुरू घेऊन. मला डबिंगही नको आणि रिमेकही नको. मराठी चित्रपटाखाली कन्नड अक्षरं हवीत आणि कन्नड चित्रपटाखाली मराठी. मूळ आवाज ऐकू यावा आणि सासूबाईंना वाचता यावं. याला कितीसा खर्च येतो?

धारवाडात ही मागणी विचित्र वाटू नये. 'संस्कार'मधले प्राणेशाचार्य आणि 'उंबरठा'मधला स्मिता पाटीलचा वकील नवरा, दोघेही धारवाडचे आपले गिरीश कार्नाड. पहिल्या चित्रपटानं कन्नडला पहिलं सुवर्णकमळ दिलं, दुसरा राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपट ठरला. शिवाय यंदाची पिढीही अशीच. चिदानंद नाईक या मैसूरच्या डॉक्टरनं पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकताना कन्नड लोककथेवर लघुपट केला. कोंबडा चोरणाऱ्या म्हातारीची गोष्ट, 'सूर्यफुलांना आधी कळलं' अशा अर्थाच्या नावाची. २०२४ मध्ये कान महोत्सवात विद्यार्थी विभागात तो पहिला आला. कन्नड कथा, पुण्याची शाळा. हा गुण कुणाच्या खात्यात धरायचा, हे आमच्यात ठरलेलं नाही.

गणपतीच्या सुट्टीत मुलीनं अत्र्यांचा जुना 'श्यामची आई' मोबाइलवरून टीव्हीवर लावला. खाली कसलीच अक्षरं नाहीत. मी स्वयंपाकघरात मोदकांची उकड काढत होते, हात रिकामे नव्हते. बाहेर पाहिलं तर मुलगी अज्जीला कन्नडमध्ये सांगत बसलेली. हीच मुलगी माझ्याशी मराठी बोलताना तिसऱ्या शब्दाला अडते, म्हणून मी कितीदा मनात कुढलेय. बेळगावला आजीचा फोन आला की "तूच बोल" म्हणून माझ्या हातात देते. ती 'सोवळं'साठी 'मडी' म्हणाली, 'पदर'साठी 'सेरग'. एका शब्दावर अडली तेव्हा आत येऊन विचारून गेली. सावकार दारात आला तेव्हा ती गप्पच राहिली. सासूबाईंनी विचारलं, "याव इव?" ती म्हणाली, "सावकार." दोन्ही भाषांत एकच शब्द. मी उकड झाकून बाहेर येऊन बसले.

आता सासूबाईंना 'कंदीलु' पाहायचा आहे. नावच त्यांना आवडलंय. वाचकांपैकी कुणाला तो हुबळी-धारवाडच्या आसपास कुठे लागलेला दिसला तर कळवा. सकाळी साडेनऊचा खेळ असला तरी चालेल. या वेळी आम्ही पाचजण येऊ.